साखळी, कमान आणि कलन



गणिताच्या शिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने बोलावे, हे आपल्यांपैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. निमंत्रण घेऊन चिटणीस घरी आले तेव्हा मलाही ते तसेच वाटले. विषय कोणता घेऊ, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "मास्तरांचे तुमच्यापाशी जे काही उरले असेल, ते सांगा." माझ्यापाशी मास्तरांची एक साखळी उरली आहे. देवघरातल्या लामणदिव्याची, पितळेची, हात-दीड हात लांबीची. दिवा केव्हाच मोडीत गेला. साखळी तेवढी राहिली. आजचे व्याख्यान त्या साखळीविषयी आहे.

माझ्या पिढीतल्या मुलांना ती आठवत असेल. १९६४ साली मी या शाळेत शिकत होतो. मास्तर एके दिवशी वर्गात आले ते खिशात ही साखळी घालूनच. फळ्याच्या चौकटीवर दोन बाजूंना दोन खिळे होते. त्यांना त्यांनी तिची दोन टोके अडकवली. साखळी मध्ये झुकून स्थिर झाली. मग तिच्या कडेकडेने त्यांनी खडूने रेघ मारली आणि साखळी काढून घेतली. फळ्यावर एक सुरेख वाकडी रेघ राहिली. "ही कोणती आकृती?" त्यांनी विचारले. एक जण म्हणाला, वर्तुळाचा तुकडा. आमच्यातल्या हुशार मुलाने हात वर केला आणि अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, असे उत्तर दिले. मास्तर हसले. "गॅलिलिओही याच वाटेने गेला होता, तेव्हा लाजू नकोस. पण चूक ती चूकच. खरे उत्तर कळायला कलन शिकावे लागेल. त्याला अजून दोन वर्षे आहेत."

दोन वर्षांनी मी कला शाखेत गेलो. तिथे गणित नव्हते. 'आर्ट्सला गेला, गणित सुटले' हे वाक्य त्या काळी आमच्या घरांतून दोन सुरांत म्हटले जाई: मुलगा सुटकेच्या सुरात म्हणे आणि वडील निराशेच्या. मास्तरांनी सांगितलेल्या दोन वर्षांची पंचेचाळीस वर्षे झाली. २०१० साली मी सेवानिवृत्त झालो आणि एका संध्याकाळी मास्तरांकडे जाऊन म्हणालो, "सर, ती साखळी राहिली आहे." ते तेव्हा पंचाऐंशीच्या घरात होते. ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसले होते. "वही आणलीस का?" एवढेच त्यांनी विचारले. दोन पावसाळे त्यांनी मला कलन शिकवले. त्या वयात कुठल्या परीक्षेला बसायचे नव्हते की कोणता पूल बांधायचा नव्हता. कदाचित म्हणूनच ते शिकता आले.

आता 'कलन' या शब्दाविषयी थोडे. ही माझ्या व्यवसायाची खोड आहे, श्रोत्यांनी सोसून घ्यावी. इंग्रजीत या विषयाला 'कॅल्क्युलस' म्हणतात. तो लॅटिन शब्द. त्याचा अर्थ खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करीत, त्यावरून तो आला. आपल्याकडे मात्र 'कल्' या धातूपासून मोजणे आणि जाणणे हे दोन्ही अर्थ निघाले. 'संकलन' त्यातूनच आले, 'आकलन'ही त्यातूनच, आणि आपण दिवसातून वीस वेळा म्हणतो ते 'कळणे'ही त्याच घराण्यातले. विश्वकोशाने 'अवकलन व समाकलन' अशी जोडी रूढ केली, तीतही हा धातू आहेच. इंग्रजी शब्दात खडा राहिला, मराठी शब्दात कळणे राहिले. माझ्या आजच्या म्हणण्याचे बीज या फरकात आहे. कलन हे मोजण्याचे साधन आहे हे कोणीही सांगेल. ते कळण्याचे साधन आहे, आणि म्हणून ज्याला आयुष्यात एकही तुळई मोजायची नाही अशा माणसानेही ते शिकावे, असे मला वाटते.

युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत ज्या सात विद्यांना 'लिबरल आर्ट्स' म्हणत, त्यांतल्या चार, अंकगणित, भूमिती, संगीत आणि ज्योतिष, या गणिताच्या कुळातल्या होत्या. व्याकरण आणि वक्तृत्व शिकणारा विद्यार्थी त्यांच्याच शेजारी बसे. 'लिबरल' म्हणजे स्वतंत्र माणसाला शोभणारी. पोटासाठी नव्हे, तर मन मोकळे व्हावे म्हणून शिकायची विद्या. आपण त्यातले 'आर्ट्स' घेतले आणि गणित दुसऱ्या इमारतीत पाठवून दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या या भिंती पाडण्याची भाषा आहे. भाषा चांगली आहे. भिंतींचे काय होते ते पाहायचे.

साखळीकडे येतो. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात टांगलेली साखळी अन्वस्ताशी जवळजवळ जुळते असे लिहिले होते. साखळी फार झुकलेली नसेल तर डोळ्यांना दोन्हींत फरक दिसतच नाही, हे खरे. पुढे १६४६ साली ख्रिस्तिआन हायगेन्स या सतरा वर्षांच्या डच मुलाने मेर्सेन यांना पत्रातून कळवले की हा वक्र अन्वस्त असूच शकत नाही. पण मग तो आहे तरी कोणता, हे त्यालाही त्या वेळी सांगता आले नाही. १६९० मध्ये बाझलच्या याकोब बेर्नुली यांनी लाइप्झिगच्या एका विद्वत्पत्रिकेत हा प्रश्न आव्हान म्हणून मांडला. तत्पूर्वी सहाच वर्षे, १६८४ साली, त्याच पत्रिकेत लायब्निट्झ यांनी आपले नवे कलन प्रसिद्ध केले होते. नव्या तलवारीला पाणी किती हे पाहण्याची ही संधी होती. १६९१ च्या जूनमध्ये तीन उत्तरे छापून आली: लायब्निट्झ यांचे, आता साठीला आलेल्या हायगेन्स यांचे, आणि याकोबच्या धाकट्या भावाचे, योहानचे. योहान तेव्हा तेवीस वर्षांचा होता. खुद्द याकोबला आपल्याच प्रश्नाचे उत्तर सापडले नव्हते. पुढे कित्येक वर्षांनी, थोरला भाऊ हयात नसताना, योहानने एका पत्रात मोठ्या चवीने लिहिले आहे की या प्रश्नापायी आपली एक रात्रभर झोप गेली, पण सकाळी उत्तर हाती होते. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच आहे?

उत्तर कसे निघते ते मास्तरांनी मला समीकरण न लिहिता सांगितले होते. त्यांच्याच पद्धतीने सांगतो. साखळीचा सर्वांत खालचा बिंदू घ्या. तिथून उजवीकडे वर चढत कोणत्याही एका कडीपाशी थांबा. या दोन जागांमधला साखळीचा तुकडा हलत नाही, स्थिर आहे. त्याच्यावर तीनच ओढी आहेत. खालच्या टोकाला डावीकडची साखळी त्याला सरळ आडवे ओढते. ही ओढ तुम्ही कुठेही थांबलात तरी तेवढीच. वरच्या टोकाला उरलेली साखळी त्याला तिरके, वर ओढते. आणि तुकड्याचे स्वतःचे वजन त्याला खाली ओढते. ते मात्र तुकडा जितका लांब तितके अधिक. या तिन्हींचा मेळ बसायचा तर त्या कडीपाशी साखळीचा चढ तळापासून मोजलेल्या लांबीच्या प्रमाणातच असला पाहिजे. दुप्पट लांबी, दुप्पट चढ. बस्स, एवढेच साखळीला ठाऊक आहे. तिच्या प्रत्येक कडीला संपूर्ण वक्राचा पत्ता नाही. आपल्यापाशी किती चढायचे एवढाच निरोप तिला मिळाला आहे.

आणि कलन म्हणजे काय, तर असे कडीकडीचे निरोप एकत्र करून संपूर्ण वक्र ओळखण्याची विद्या. चढावरून वक्र शोधणे हे समाकलन, वक्रावरून चढ शोधणे हे अवकलन. मला हे ऐकताना अंगावर शहारा आला होता. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना ओवीतल्या एकेका शब्दावरून कवीच्या मनाचा वळसा शोधायला शिकवीत आलो. तेच काम दुसऱ्या इमारतीत चालू होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मग अन्वस्त कुठे येते? झुलत्या पुलात. तिथे रस्त्याचे वजन आडव्या अंतरावर सारखे वाटलेले असते, साखळीच्या लांबीवर नव्हे. म्हणून पुलाचा जाडजूड दोर अन्वस्ताच्या आकाराचा असतो आणि लामणदिव्याची साखळी नसते. आमचा हुशार वर्गमित्र चुकला तो एवढ्यानेच. त्या साखळीच्या वक्राला लॅटिन 'कटेना', म्हणजे साखळी, यावरून 'कॅटेनरी' असे नाव पडले आहे.

येथवर वास्तुशास्त्राचा संबंध आला नाही. तो एका विक्षिप्त इंग्रज माणसामुळे आला. रॉबर्ट हूक. १६६६ च्या आगीत लंडन शहर जळाले, त्याच्या पुनर्रचनेच्या कामात तो मोजणीदार होता आणि क्रिस्टोफर रेन या वास्तुविशारदाचा मित्र. रेन स्वतः आधी ऑक्सफर्डला ज्योतिषाचा प्राध्यापक होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. हूकने १६७५ साली एका पुस्तकाच्या शेवटी अक्षरांची एक ओळ छापली. तिला काहीही अर्थ नव्हता. एका लॅटिन वाक्यातली अक्षरे वर्णक्रमाने लावून त्याने आपला शोध कुलुपात ठेवला होता. दुसऱ्याने चोरू नये आणि आपला अग्रहक्कही जाऊ नये म्हणून. १७०३ मध्ये हूक वारला. १७०५ मध्ये त्याच्या कागदपत्रांतून वाक्य उलगडले. आशय असा की लवचीक दोरी जशी लोंबते, तशीच, पण उलटी करून, दगडांची ताठ कमान उभी राहते.

या वाक्यावर क्षणभर थांबावे असे आहे. साखळीला फक्त ताण सोसता येतो. तिला दाबून पाहा, ती गोळा होईल. दगडाचे याच्या नेमके उलट. दगड कितीही दाबा, तो सोसतो. पण दोन दगड एकमेकांपासून ओढले की मधला चुना सुटतो. म्हणजे साखळी आणि कमान ही एकाच हिशेबाची दोन रूपे आहेत, मध्ये फक्त वर-खालची अदलाबदल. साखळीने वाट शोधायची, कमानीने तीवरून चालायचे. १६९७ साली डेव्हिड ग्रेगरी यांनी याला एक महत्त्वाची जोड दिली. कमान दिसायला अर्धवर्तुळ असो की आणखी काही असो. तिच्या जाडीच्या आत कुठेतरी असा उलट्या साखळीचा वक्र बसत असला म्हणजे ती उभी राहते. आमच्या वाड्यांच्या जाड जाड कमानी ज्या गवंड्यांनी बांधल्या, त्यांनी हे वाक्य वाचले नव्हते. त्यांच्या कमानींनी ते वाचले होते.

लंडनच्या सेंट पॉल मंदिराचा घुमट रेनने बांधला. तिथे बाहेरून दिसतो तो घुमट लाकडी सांगाड्यावर शिशाचा पत्रा मढवलेला आहे. आतून दिसतो तो निराळाच, विटांचा. या दोहोंच्या मध्ये, कोणालाच न दिसणारा, जेमतेम दीड फूट जाडीचा विटांचा शंकू आहे. माथ्यावरच्या दगडी मनोऱ्याचा, सुमारे साडेआठशे टनांचा, भार तो शंकू वाहतो. शंकूच का? साखळीच्या मधोमध एक जड वजन अडकवून पाहा. तिच्या दोन्ही बाजू ताणून जवळजवळ सरळ होतात. ते चित्र उलटे करा. रेन आपल्या कामात आपले तत्त्व वापरतो आहे अशी नोंद हूकच्या रोजनिशीत १६७५ साली सापडते.

पण इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सेंट पॉलच्या बांधकामाला १६७५ मध्ये सुरुवात झाली, आणि साखळीच्या वक्राचे समीकरण आले १६९१ मध्ये. हूकला तत्त्व ठाऊक होते, वक्र ठाऊक नव्हता. कमान कलनावाचून उभी राहू शकते. रोमचे पँथिऑन उभे आहे. मग कलनाने नवे काय दिले? हाच प्रश्न पुढे रोममध्ये भर चौकात विचारला गेला.

सेंट पीटरच्या मंदिराचा घुमट मिकेलांजेलोच्या कल्पनेतला. १५९० मध्ये तो पुरा झाला. दीडशे वर्षांत त्याला भेगा पडल्या. लोकांत घबराट पसरली. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ साली तीन गणितज्ञ नेमले: ल सर, झाकिए आणि बॉस्कोविच. तिघांनी घुमटाला फारसा हात न लावता कागदावर हिशेब मांडला आणि सांगितले की बाहेरचा रेटा आवरायला लोखंडी कडी अपुरी आहेत, नवी घाला. वास्तुशास्त्राच्या इतिहासात केवळ परंपरेवर न विसंबता गणिताने एवढ्या मोठ्या इमारतीची नाडी पाहिल्याचा हा पहिलाच मोठा प्रसंग मानला जातो. आणि त्यावर टीका झाली तीही मोठी मार्मिक. मिकेलांजेलोला गणित येत नव्हते, तरी त्याने घुमट बांधला. मग गणिताशिवाय तो दुरुस्तही करता येईल, असे टीकाकार म्हणाले.

ही टीका मला आजही खोटी वाटत नाही, अपुरी वाटते. बांधणाऱ्याच्या हातात शेकडो वर्षांची परंपरा असते, ती त्याला पुरते. पण भेग पडली की परंपरा गप्प होते. ही भेग घुमट कोसळण्याची आहे की घुमट आपल्या जागी नीट बसण्याची, हे परंपरेला सांगता येत नाही. पोपने मग पादुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी यांना बोलावले. पोलेनींनी काय करावे? त्यांनी घुमटाच्या नकाशावर उभ्या पन्नास फाकी पाडल्या, समोरासमोरच्या दोन फाकींची एक कमान धरली, तिचे बत्तीस भाग केले, प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात बत्तीस लहानमोठे गोळे एका दोऱ्यात ओवले आणि तो दोरा टांगला. दोऱ्याने जो वक्र घेतला तो उलटा करून घुमटाच्या छेदावर ठेवला. तो जाडीच्या आत बसला. घुमट सुरक्षित होता. खबरदारी म्हणून कडी घालायला त्यांनीही संमती दिली आणि ती घातली गेली. १७४८ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात हूकचे तत्त्व आहे, ग्रेगरीचे वाक्य आहे आणि टांगलेल्या गोळ्यांचे चित्र आहे.

घुमटाच्या उभ्या फाकी पाहिल्या की मला आपले भास्कराचार्य आठवतात. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. तेव्हा तसे ते आपल्याच मुलखातले. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त गोलाचे पृष्ठफळ काढताना त्यांनी गोलाच्या अशाच उभ्या फाकी केल्या, आणि त्या समजावून देताना दाखला दिला आवळ्याचा: आवळ्यावर निसर्गतःच जशा रेषा असतात तशा. ग्रहाची 'तात्कालिकी गती' काढताना तर ते अवकलनाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. कलन आमच्याकडेच जन्मले, अशी आरोळी ठोकणाऱ्यांतला मी नाही. पण आवळा हातात घेऊन गोल समजावणारा माणूस हा मला हिशेबनीस वाटत नाही, शिक्षक वाटतो. केरळातल्या माधव परंपरेचे गणितही असेच. वर्तुळाच्या अनंत श्रेणींची उपपत्ती सांगणारा ज्येष्ठदेवांचा 'युक्तिभाषा' हा सोळाव्या शतकातला ग्रंथ संस्कृतात नाही. तो मलयाळम गद्यात आहे. घरच्या भाषेत.

आता घरी येतो, बडोद्याला. ज्या पोराला १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून आणून गादीवर बसवले, त्या सयाजीरावांसाठी लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. वास्तुविशारद होते मेजर चार्ल्स मँट, लष्करातले इंजिनियर. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. तेव्हा मराठी माणसाने आयुष्यात मँटचे काम पाहिले नाही असे सहसा होत नाही. १८८१ मध्ये मँट वारले. त्यांच्या अखेरीविषयी असे सांगितले जाते की आपले हिशेब चुकले आहेत, आपण बांधलेले राजवाडे कोसळणार, या विचाराने त्यांच्या बुद्धीवर परिणाम झाला होता. वय चाळिशीच्या आसपासचे. त्यांचे अपुरे काम रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये पुरे केले. राजवाडा उभा आहे. कोल्हापूरचाही उभा आहे.

मँट यांची कथा मी मास्तरांना ओसरीवर सांगितली होती. ते बराच वेळ झोपाळ्याची कडी हातात धरून बसले. मग म्हणाले, "आकडे होते रे त्याच्यापाशी. साखळी नव्हती." त्या वेळी मला हे वाक्य नुसते छान वाटले. त्याचा अर्थ लागायला मला थोडे वाचावे लागले. १९६६ साली केंब्रिजच्या जॅक हेमन यांनी दगडी बांधकामावर एक निबंध लिहिला. त्याचे सार असे की दगडी इमारतीतला प्रत्यक्ष दाब दगडाच्या ताकदीच्या मानाने इतका थोडा असतो की ती चिरडून पडण्याची भीती जवळजवळ नसतेच. प्रश्न असतो तो आकाराचा. आणि भाराला जमिनीकडे जाण्याची, बांधकामाच्या जाडीच्या आतून जाणारी, एक जरी वाट तुम्हांला दाखवता आली, तर इमारत उभी राहील. इमारत नेमकी तीच वाट घेते की दुसरी, हे तुम्हांला ठाऊक असण्याची गरज नाही. तुम्हांला एक सापडली ना, मग तिलाही एखादी सापडेल. पाया खचला, भेग पडली, तर ती दुसरी वाट धरते. भेग म्हणजे पुष्कळदा तिने कूस बदलल्याची खूण असते.

मँट यांनी नेमके कोणते आकडे पुनःपुन्हा तपासले असतील, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. एकच अचूक उत्तर आहे आणि ते आपल्या हातून निसटले, अशा भीतीने ग्रासलेल्या माणसाला ग्रेगरीचे दोनशे वर्षांपूर्वीचे वाक्य कोणी शांतपणे समजावून दिले असते तर? इतिहासात 'तर'ला जागा नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. आज तो नियम मोडतो.

चिझम यांचे बडोद्यातले दुसरे काम म्हणजे आपले बडोदा कॉलेज, आजच्या विद्यापीठाची कला विद्याशाखा. तिच्या घुमटाखालून मी उणीपुरी पस्तीस वर्षे ये-जा केली. तो विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे. लंडनच्या वास्तुविशारद संस्थेपुढे १८८२-८३ च्या सुमारास चिझम यांनी या इमारतीवर जो निबंध वाचला, त्यात हिंदुस्थानातल्या घुमटबांधणीवर स्वतंत्र विवेचन आहे. गोलघुमट म्हणजे महंमद आदिलशहाची कबर. शहाजीराजांनी ज्या दरबारात सरदारकी केली त्या दरबाराचा धनी. १६५६ च्या सुमारास ती पुरी झाली, म्हणजे हूकच्या कुलूपबंद वाक्याच्या एकोणीस वर्षे आधी. आतला व्यास सुमारे १२४ फूट. सेंट पॉलच्या घुमटाहून मोठा. मध्ये एकही खांब नाही. चौरस दालनावर आठ कमानी एकमेकींना छेदत अशा टाकल्या आहेत की वरचे वर्तुळ भिंतींच्या पुष्कळ आत येते. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७६ च्या आपल्या ग्रंथात याचे मर्म सांगितले: घुमट बाहेर रेटतो, तर कमानींवरचे आत झुकलेले दगडकाम आपल्या वजनाने आत ओढते, आणि दोघांचे एकमेकांत भागते. विजापूरच्या त्या गवंड्यांची नावे सर्वसामान्य वाचकाला ठाऊक नाहीत, लायब्निट्झचे नाव त्यांनी ऐकणे शक्यच नव्हते. पण रेट्याला रेटा द्यावा लागतो, हे त्यांना कळले होते. मी 'कळले' म्हणतो, 'मोजले' म्हणत नाही.

गंमत अशी की त्या घुमटाच्या एका बाजूच्या खोलीत मी ज्ञानेश्वरी शिकवीत असे, आणि डोक्यावर काय आहे हे मला निवृत्तीनंतर कळले. एकदा, नोकरीच्या प्रारंभी, शाखाबदलाच्या एका अर्जावर सही करताना एका वरिष्ठांनी मला समजावले होते की कलेच्या मुलांना गणिताचा मोह पडणे हे अभ्यास टाळण्याचे लक्षण आहे. मी मान डोलावली होती. त्या मुलीने पुढे काय केले, मला माहीत नाही. तिचा अर्ज मी थोपवायला हवा होता की पुढे ढकलायला, हा हिशेब माझ्या बाजूला अजून बाकी आहे.

बडोद्याला अशी दुही शोभत नाही, कारण या शहराने एकदा ती मोडून दाखवली आहे. १८९० मध्ये, राजवाडा पुरा झाला त्याच वर्षी, सयाजीरावांनी प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन दिले. नाव पाहा: तंत्रशिक्षणाच्या संस्थेला 'कलाभवन'. यंत्रविद्या, रंगकाम, विणकाम आणि चित्रकला एका छपराखाली, आणि तेही देशी भाषांतून. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. चित्र, शिल्प, वास्तुकला, छायाचित्रण यांच्यामध्ये कुठे भिंत आहे हे त्यांना कोणी सांगितले नसावे, म्हणून तर ते पुढे सिनेमापर्यंत पोहोचले. १९४९ मध्ये विद्यापीठ झाले, कलाभवन अभियांत्रिकीच्या विद्याशाखेत गेले आणि 'कला' रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला राहिली. शेजारी राहून अनोळखी.

मास्तर आपल्या वर्गात हे सारे कधीच बोलले नाहीत. ते व्याख्याने देणारे नव्हते. त्यांचे शिकवणे म्हणजे वस्तू हातात देणे. मला कलन शिकवताना पहिले पंधरा दिवस त्यांनी एकही सूत्र लिहू दिले नाही. झोपाळ्याची गती, पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याची धार, कौलांचा उतार, "इथे चढ किती? आणि इथे?" एवढेच विचारायचे. सूत्रे आली ती पुढच्या श्रावणात, आणि आली तेव्हा ती ओळखीची वाटली. एका संध्याकाळी साखळीचे समीकरण माझ्या हातून सुटले. मी वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली, एका ठिकाणी चिन्ह चुकले होते ते दुरुस्त केले, आणि दहापैकी नऊ गुण दिले. मग आत जाऊन साखळी घेऊन आले.

ती आज मी बरोबर आणली आहे. व्यवस्थापकांच्या परवानगीने या मंचाच्या मागच्या फळ्यावर दोन खिळे ठोकून घेतले आहेत. कार्यक्रम संपल्यावर ती तिथे टांगतो. शेजारी खडू ठेवला आहे, आणि शाळेच्या मधल्या कमानीचा, तिची जाडी दाखवणारा, कागदावर मापाने काढलेला नकाशाही आहे; चित्रकलेच्या सरांनी तो करून दिला. कमानीवरचे भिंतीचे ओझे साखळीवर दाखवायला कागदी पिशवीत शिशाच्या गोळ्याही ठेवल्या आहेत. मुलांनी रेघ मारावी, नकाशा उलटा धरावा आणि वक्र जाडीत बसतो का ते स्वतः पाहावे. मी काल संध्याकाळी पाहिले आहे, पण सांगत नाही.